कोठीत सापडलेले दुखणे

हैदराबादची कोठी आपल्या सीमाभागातील घरांना परकी नाही. इंग्रज रेसिडेंट कर्कपॅट्रिक याने बांधवून घेतलेल्या रेसिडेन्सीच्या कोठीवरून या भागाला नाव पडले. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी होऊन बिदर आजच्या कर्नाटकात गेले आणि उस्मानाबाद मराठी मुलखात आले. तरी पुस्तकांसाठी, दवाखान्यासाठी आणि विवेकवर्धिनीत शिकणाऱ्या मुलांसाठी आपली पावले कोठीकडे वळतच राहिली.

वडिलांचे कान दाखवायला आम्ही गाडीने निघालो होतो. जहिराबादच्या पुढे इंजिन तापले की गाडी भर रस्त्यात बंद पडे आणि अर्ध्या तासाने मुकाट्याने सुरू होई. म्हातारे माणूस सोबत आणि मागून येणारे ट्रक! गावाकडे एकाने पेट्रोलचा पंप बदलून दिला होता, पण दुखणे तसेच राहिले होते.

कोठीला लागूनच जामबाग आहे. तिथे मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथला मेकॅनिक बिदरकडचा निघाला. स्कॅनरवर ‘पी ०३३५’ हा कोड आला, म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरच्या वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये बिघाड. नवा सेन्सर आणू का, असे मी विचारले. तो म्हणाला, “स्वल्प तडीरी, सर. कोड गल्ली दाखवतो, घर आपण शोधायचे.”

हा सेन्सर म्हणजे इंजिनाची नाडी पाहणारा वैद्यच. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दाते तो मोजतो. पुष्कळ गाड्यांत साठ दात्यांच्या जागा असतात आणि दोन मुद्दाम रिकाम्या सोडलेल्या असतात. त्या खुणेवरून ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल कधी सोडायचे हे गाडीचा संगणक ठरवतो. नाडीच लागली नाही, तर दोन्ही थांबतात.

त्याने आधी वायर हलवून पाहिली, मग कनेक्टर साफ केला. थंड सेन्सर मीटरवर ठीक होता. इंजिन तापवून गाडी बंद पडताच पुन्हा मोजला, तर आतले वेटोळे तुटलेले दिसले. ओले फडके ठेवून सेन्सर थंड केला आणि गाडी लगेच सुरू झाली. उष्णतेने आतली बारीक तार सुटत होती आणि गार झाली की पुन्हा जुळत होती.

तेव्हा वाचकहो, तापल्यावर बंद पडणारी गाडी असेल तर मेकॅनिककडे एवढाच आग्रह धरा: ती बंद पडली असतानाच तपासा. गार गाडीत हे दुखणे दिसत नाही, आणि अंदाजाने बदललेल्या भागांचे पैसे मात्र आपल्याच खिशातून जातात.