गच्चीवरची चार झाडे



तुमच्या घराला अंगण आहे का? नसेल, तर गच्ची तरी असेल. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे. अशा तापलेल्या जागी फळझाड वाढेल का? वाढते. कसे, ते मी आज तुम्हांला सांगणार आहे.

मी मालेगावची. आमच्या गावात यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. आमच्या मोहल्ल्यात घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. आमच्या गच्चीवर चार झाडे आहेत : डाळिंब, लिंबू, अंजीर आणि पेरू. घरी आम्ही त्यांना अनार, नींबू, अंजीर आणि अमरूद म्हणतो. पाहा, अंजीर मात्र दोन्ही भाषांत अंजीरच!

झाडे आणायचे ठरले, तेव्हा अम्मी म्हणाल्या, "नळाला रोज पाणी येत नाही. माणसांनाच पुरत नाही, मग झाडांना कुठून घालणार?"

त्यांचा प्रश्न खरा होता. मी वही घेऊन हिशेब मांडला. घरात आम्ही चार माणसे. दिवसातून पाच वेळा वुजू. एका वेळेला दीड लीटर पाणी धरले, तर ४ गुणिले ५ गुणिले दीड, म्हणजे ३० लीटर पाणी रोज मोरीतून वाहून जात होते. त्यात साबण नसतो. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी वेगळेच. आम्ही वुजूच्या जागी एक मोठे घमेले ठेवले. एवढ्या पाण्यात चार झाडे जगतात, पाचवे जगणार नाही, म्हणून चारच लावली.

मित्रांनो, जमिनीतल्या झाडाची मुळे खोल, थंड मातीत जातात. पिंपातल्या झाडाला ती सोय नसते. पिंप चहूबाजूंनी तापते आणि मुळे भाजून निघतात. झाडाला उन्हापेक्षा ही तापलेली माती अधिक मारते. म्हणून आम्ही २०० लीटरचे प्लॅस्टिकचे पिंप मधोमध कापून दोन कुंड्या केल्या. बाहेरून पांढरा रंग दिला, कारण पांढरा रंग ऊन परतवतो. तळाला भोके पाडली. कुंड्या विटांवर ठेवल्या, म्हणजे खालून हवा खेळते आणि गच्चीत ओल मुरत नाही. माती, कुजलेले शेणखत आणि नारळाचा भुसा एकत्र करून त्या भरल्या. वर वाळलेल्या पानांचा जाड थर पसरला. त्यामुळे ओल लवकर उडत नाही. उन्हाळ्यात वरून हिरवी जाळीही बांधतो. पाणी नेहमी सकाळी किंवा सूर्य कलल्यावर घालतो.

एक गोष्ट विसरू नका. ओल्या मातीने भरलेली अशी कुंडी १०० किलोंहून जड होऊ शकते. ती गच्चीच्या मधोमध ठेवू नये. खाली भिंत किंवा तुळई असेल तेथेच ठेवावी. घर जुने असेल, तर आधी जाणत्या गवंड्याला विचारावे.

झाडेही विचारपूर्वक निवडावीत. डाळिंब आणि अंजीर कोरडी हवा सोसतात. इराण आणि त्याच्या आसपासचा प्रदेश हे डाळिंबाचे मूळ स्थान मानतात. आमच्या मालेगाव, सटाणा, देवळा या भागांत त्याच्या बागाच आहेत. आमचा पेरू 'सरदार' जातीचा आहे. त्याला 'लखनौ ४९' असेही म्हणतात; पण त्याची निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडीत! बियांपासून वाढलेली झाडे फळे द्यायला बरीच वर्षे घेतात, म्हणून कलमेच आणावीत.

डाळिंबाला प्रथम फुले आली आणि भराभर गळू लागली, तेव्हा घरातले सगळे हळहळले. पण घाबरण्याचे कारण नव्हते. डाळिंबाला दोन प्रकारची फुले येतात. ज्या फुलाचे बूड घागरीसारखे फुगीर असते, त्याचेच फळ होते. निमुळत्या बुडाची नर फुले गळून पडतात. त्या वर्षी सात डाळिंबे हाती लागली. दोन आम्ही शेजारी दिली.

आता अब्बांविषयी सांगते. त्यांनी तीस वर्षे मागावर काम केले. त्या आवाजाने त्यांना आता फार कमी ऐकू येते. काम सुटल्यावर ते कोणाशी बोलेनासे झाले होते. आता फजरच्या नमाजानंतर ते गच्चीवर जातात. प्रत्येक कुंडीत बोट खुपसून ओल पाहतात. मग खाली येऊन मला सांगतात, "लिंबाला आज दोन तांबे. अंजिराला नको." शेजारची मुले त्यांच्याकडे झाडांविषयी विचारायला येतात. प्रश्न ऐकू आला नाही, तर अब्बा त्यांना पान उलटून दाखवतात.

मित्रांनो, तुम्हीही एखादे झाड लावा. पण रोप आणण्याआधी वही उघडा. तुमच्या घरातून रोज किती स्वच्छ पाणी मोरीत जाते, ते मोजा. तेवढ्यात एकच झाड जगणार असेल, तर एकच लावा.