मुकीं अक्षरें

इंग्रजींत अमुक अक्षर असलेला शब्द शोधावयाचा तर डोळ्यांवर विसंबावें लागतें. कान तेथें दगा देतात. आपलें तसें नाहीं. दण्डीच्या ‘दशकुमारचरितां’त ओठ दुखावलेला मंत्रगुप्त आपली सारी कथा ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो; वर्ण टळला कीं उच्चारही टळला. उलट अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनीं १९३९ सालीं ‘ई’ हें अक्षर वर्ज्य करून कादंबरी लिहिली, आणि तिचें नांव काय, तर ‘गॅड्सबी’! अक्षर हद्दपार, उच्चार मात्र नांवांतच ठाण मांडून बसलेला. रांगेला ते ‘क्यू’ म्हणतात. त्यांत पांच अक्षरें. पहिलें बोलतें, मागचीं चार मुकाट्यानें रांगेंत उभीं.

आमचा दहा वर्षांचा नातू इंग्रजी अस्खलित बोलतो, परंतु लिहितो कानानें. वहींतील तांबड्या रेघांनीं तो इतका खचला कीं शाळेचें नांव काढतांच त्याच्या पोटांत दुखूं लागे. आम्हीं त्याच्यापुढें जोश वॉर्डल यांचा २०२१ सालचा ‘वर्डल’ हा खेळ मांडला. पांच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखावयाचा. अक्षर आहे पण जागा चुकली तर पिवळा रंग, जागाही साधली तर हिरवा. (मोबाइल आमच्या सूनबाईंना रुचत नाहीं, त्यांचेंही खोटें नव्हे.) परवां ‘नाइफ’च्या आरंभीं मुका ‘के’ दडलेला त्याला सांपडला. “आजोबा, हा लपून बसतो!” म्हणाला, आणि ती वही त्यानें आपण होऊन उघडली.