खुंट गावचा, काडी परगावची

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड अशी गावे मागे टाकीत ब्रह्मपुरीच्या वाटेला लागलात, की जमिनीचा चेहरामोहरा बदललेला तुमच्या ध्यानात येईल. कापूस-तुरीची काळी शेते मागे राहतात आणि दोन्ही हातांना धानाच्या बांध्या सुरू होतात. मधूनच एखादी बोडी लागते, एखादा मालगुजारीच्या काळातला तलाव लागतो. त्याच्या पाळीवर मोहाची आणि आंब्याची जुनी झाडे उभी असतात. ब्रह्मपुरीच्या पुढे वैनगंगा ओलांडली की आरमोरी, म्हणजे गडचिरोली जिल्हा आला. १९८२ सालापर्यंत हा सारा मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होता. लोक याला झाडीपट्टी म्हणतात. या झाडीपट्टीत उभे राहून आज तुमच्याशी झाडाचीच गोष्ट बोलायची आहे, ती फळझाडाच्या कलमाची.

दर उन्हाळ्यात ब्रह्मपुरीचे नाव वर्तमानपत्रात येते ते तिथल्या उन्हामुळे. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. त्याच गावात मृग लागला की पाऊस कोसळतो. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात वर्षाला साधारण १,२५० ते १,७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. बांध्या तुडुंब भरतात, रोवणीला पाय काढवत नाही. पुढे पौषात पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही. म्हणजे एकाच झाडाने एका वर्षात भट्टी, डबके आणि गारठा असे तिन्ही सोसायचे.

आता तुम्ही आठवडी बाजारातून किंवा गावात आलेल्या गाडीवरून आंब्याचे कलम घेता. पिशवी छोटी, पाने हिरवीगार, चिठ्ठीवर पिवळाजर्द आंबा छापलेला. परंतु पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी अडते आणि वेटोळे घालते. खाली जाऊन ओल शोधण्याचे काम त्याला लवकर साधत नाही. पहिल्या उन्हाळ्यात घरातल्या बायाबापड्यांनी घागरी वाहून झाड जगवले, दुसऱ्या उन्हाळ्यात लग्नसराईत आठवडाभर पाणी चुकले, की झाड करपले. पैसा जातो, दोन वर्षे जातात आणि ‘आपल्या जमिनीत फळझाड होत नाही’ असा समज घरात कायमचा बसतो.

हा समज खरा नाही. त्याच शिवारात, कोणी घागरभर पाणी न घातलेले गावरान आंबे पन्नास-साठ वर्षे उभे आहेत. कोणीतरी आंबा खाल्ला, कोय टाकली, ती जिथे पडली तिथेच रुजली आणि तिचे मूळ कोणी हलवले नाही. उन्हाळा सोसण्याचे त्या झाडाचे बळ आहे ते या न हललेल्या मुळात. आपल्याला कलम करायचे तर हे बळ राखूनच करायला हवे.

कलम म्हणजे दोन झाडांचा संसार. जमिनीत राहते त्याला खुंट म्हणतात, वर बसवतो ती काडी. दोघांच्या सालीखालचा ओलसर हिरवा थर एकमेकांना नीट भिडला की जखम भरते आणि दोघे मिळून एक झाड होते. फळ लागते ते काडीच्या जातीचे. पाणी शोधणे आणि जमिनीतले बरेवाईट सोसणे हे काम मात्र खुंटाचे. म्हणून काडी खुशाल दूरची आणावी, पण खुंट गावचा असावा, आणि शक्यतो ज्या खड्ड्यात झाड वाढायचे त्याच खड्ड्यात उगवलेला असावा.

कोकणात असे करावे लागत नाही, याचे कारण तिथली हवा. पावसाळ्यात तेथे हवा इतकी दमट असते की कापलेली काडी सहसा सुकत नाही. जून-जुलैत कोयी ओल्या वाफ्यावर रुजत घालतात. तांबूस पानांचे कोवळे रोप आठ-पंधरा दिवसांचे झाले की कोयीसकट उचलून त्याच्या दांड्यावर काडी बांधतात. हे झाले कोय कलम. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या परिसरात आणि वेंगुर्ल्याच्या बाजूला ही पद्धत घरोघर माहीत आहे. समुद्र जवळ असल्यामुळे तेथे दिवसरात्रीच्या आणि हिवाळा-उन्हाळ्याच्या तापमानात फार अंतर पडत नाही. कोवळे कलम त्या हवेत निभावते. तेच आपल्या मे महिन्यात आणून लावले तर त्याचा निभाव लागणे कठीण. पद्धत चांगलीच आहे, पण ती त्या हवेची आहे.

कोरड्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी दुसरी वाट काढली. सोलापूरकडे बोराची बाग करताना रानबोरीचा खुंट जागेवरच वाढवतात आणि त्यावर उमराणसारख्या जातीचा डोळा भरतात. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागाईतदार आधी डॉगरिज नावाच्या जंगली द्राक्षाचे खुंट शेतात लावतात, ते जोमाने वाढले की पावसाळा सरता सरता त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधतात. ही युक्ती जगभर जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मुळे खाणाऱ्या एका किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा उजाड केल्या, तेव्हा त्या कीड सोसणाऱ्या अमेरिकी खुंटावर फ्रान्सच्याच जातींच्या काड्या बांधून वाचवल्या गेल्या.

तर ब्रह्मपुरीच्या शिवारात हे कसे करावे? उन्हाळ्यात दहा-दहा मीटरवर, मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे घ्या आणि चांगले कुजलेले शेणखत व पोयट्याची माती यांनी भरा. जूनमध्ये गावरान आंब्याच्या ताज्या कोयी प्रत्येक खड्ड्यात तीन-चार लावा. कोय जितकी ताजी तितकी बरी. महिनाभर पडून राहिलेल्या कोयीचा भरवसा धरू नका. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोपे काडीएवढ्या जाडीची होतील. जुलै ते सप्टेंबर या काळात हवा दमट असते आणि रोपाला तांबूस नवी फूट येते. कलम बांधण्याची वेळ हीच. उन्हाळ्यात बांधाल तर झळीने काडी वाळून जाईल.

काडी तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब निवडा. झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पाने, देठ ठेवून, कापून टाका म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. खुंटाच्या कोवळ्या शेंड्याला दोन बोटे खोल उभी चीर द्या, काडीला तेवढीच पाचर करून बसवा, निदान एका बाजूची साल सालीला लागू द्या आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. वरून प्लॅस्टिकची अरुंद पिशवी टोपीसारखी घाला. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढा. जोडाखाली येणारी फूट मात्र खुडत राहा, नाहीतर खुंटच वर चढेल आणि काडी उपाशी मरेल. एका खड्ड्यात दोन रोपांवर कलम करा. एक दगावले तरी वर्ष वाया जात नाही. पुढे जोमदार एक ठेवा.

जागा निवडताना आपल्या मातीची जुनी नावे आठवा. कन्हार म्हणजे भारी काळी जमीन, तिच्यात पावसाळ्यात पाणी साचते. तेथे धानच शोभतो, आंब्याची मुळे गुदमरतात. संत्र्याच्या कुळातल्या झाडांना तर असे साचलेले पाणी मुळीच सोसत नाही, त्यांना डिंक्या लागतो. निचऱ्याची मोरंड जमीन किंवा बांधीचा उंच, रुंद धुरा आंब्याला चालतो. बर्डी, म्हणजे मुरमाड चढाची जमीन, बोर, आवळा आणि सीताफळाला द्या. रानबोर तर तुमच्या बर्डीवर आधीच उगवलेली असते. उन्हाळ्यात ती बुडापासून छाटा आणि पावसाळ्यात येणाऱ्या नव्या फुटीवर डोळा भरा. मुळाचे काम निसर्गाने करून ठेवले आहे.

आंब्याची काडी कोणत्या जातीची आणावी? हापूसचा मोह सोडलेला बरा. त्याचा लौकिक कोकणच्या हवेत घडला आहे. केशर मराठवाड्याच्या कोरड्या हवेत चांगला रुळला आहे. दशहरी आणि लंगडा उत्तरेच्या मैदानातले, लू सोसणारे. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेला आम्रपाली ठेंगणा राहतो, तो परसात शोभेल. माहितीसाठी सिंदेवाहीचे विभागीय कृषी संशोधन केंद्र तुमच्या जवळ आहे. काडी घ्यायची ती फळ चाखलेल्या झाडाचीच घ्या.

यातच एक गोष्ट सांगायची राहते. सगळ्या काड्या दूरच्याच कशाला? तुमच्या गावात एखादा शेंदऱ्या, एखादा खोबऱ्या असेलच, ज्याचे लोणचे वर्षभर टिकते किंवा ज्याचा रस पाहुण्यांना आठवतो. अशी झाडे म्हातारी झाली आहेत. कोणी घर बांधायला, कोणी वाटणीच्या भांडणात ती तोडतो. कोय लावली तरी नवे झाड आईसारखे निघेलच असे नाही. ती चव राखण्याचा भरवशाचा उपाय काडी हाच आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या वेचून ठेवल्या, त्यांतून एचएमटी हे वाण उभे राहिले. २०१८ साली दादाजी गेले, वाण राहिले. वेगळे ते ओळखणारी ही नजर तुमच्याकडेही आहे. ती आंब्याकडे वळवा. झाड तोडायचे ठरलेच असेल तर एक पावसाळा थांबा, आधी चार खुंटांवर त्याची काडी बांधा आणि मगच कुऱ्हाड लावा.

कलम जगवण्याची खरी परीक्षा पहिल्या दोन उन्हाळ्यांत असते. बुडाशी धानाचे तणीस पसरा, पण खोडाला लावू नका, वाळवी चढते. शेजारी तळाला भोक पाडून वात घातलेले मडके पुरा. ते एकदा भरले की थेंब थेंब ओल पुरवते आणि घरच्या बायांचा हेलपाटा वाचतो. नैर्ऋत्येकडून तट्ट्याची सावली करा. धान निघाल्यावर जनावरे मोकळी सुटतात, त्याआधी काटेरी कुंपण झाले पाहिजे. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून पहिली झाडे घराजवळच्या शेतात लावा आणि रानातल्या झाडांना पाणी घालायला एकटे, अंधारात जाऊ नका. झाड पुन्हा लावता येते.

एका धारदार चाकूचा आणि चार प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा हा खर्च आहे. गावातल्या दोन मुलांनी आणि दोन मुलींनी जरी हात बसवला, तरी साऱ्या गावाला गाडीवरचे कलम घेण्याची गरज उरणार नाही, शिवाय पावसाळ्यात त्यांना चार पैसे मिळतील. यंदा आंबे खाल तेव्हा कोयी उकिरड्यावर टाकू नका. धुऱ्यावर चार खड्डे घ्या आणि त्यांत त्या लावा. पुढल्या पावसाळ्यात काडी कोणत्या झाडाची बांधायची, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा.