आण्णांची जीप, गंज आणि निचरा



आजची नोंद उसाची नाही, जीपची आहे. पण शेवटाला आपण शेतातच येणार आहोत, तेव्हा पुरी वाचा.

आमच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात महिंद्राची जुनी सीजे-३बी उभी असते. उंच बॉनेटची. विलीज कंपनीच्या मूळ गाडीत जास्त उंचीचं इंजिन बसवायचं म्हणून ते बॉनेट वर उचललं होतं, तोच आकार आपल्याकडं पुढं चालला. आण्णांनी ती १९८४ ला कराडात सेकंडहँड घेतली. पुढं पेट्रोल परवडंना म्हणून त्यात डिझेल इंजिन बसवलं. २००३ च्या दुष्काळात माण तालुक्यात आत्याकडं उसाचं वाढं पोचवायला हीच होती. खताची पोती, सोसायटीची मीटिंग, माझं लग्न, सगळं हिच्यातच झालं.

आता मुद्द्याचं. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. शेवटची फेरी मी मारली, म्हशी वरच्या वस्तीवर पोचवल्या आणि जीप देवळामागच्या उंचवट्यावर लावली. २००५ च्या पुराची खूण देवळाच्या भिंतीवर होती. जीप त्या खुणेच्या दोन फूट वर होती, म्हणून मी निर्धास्त झोपलो. पण त्या साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमची जीप चार दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात राहिली.

आण्णा काही बोलले नाहीत. मीही नाही. पाणी ओसरल्यावर इंजिन खोलून घेतलं, गाडी धुतली, आणि दिवाळीच्या आधी एका पेंटरकडून डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. त्यानं जिथं पत्रा खाल्ला होता तिथं लांबी भरली, घासली, वर हिरवा रंग मारला. गाडी नवरीसारखी दिसायला लागली. मला वाटलं, चूक मिटली.

चार पावसाळे गेले. एका सकाळी आण्णा नेहमीसारखे ड्रायव्हरच्या बाजूनं चढायला गेले आणि त्यांचा पाय फ्लोअरमधून आरपार खाली गेला. नडगी सोलली, सात टाके पडले. वय ७८. तेव्हा कळलं की मी गाडी नाही, गंज रंगवला होता.

धाकट्या भावाचा पुण्यातनं फोन आला, "दादा, भंगारात दे आता, किलोवर." त्याच आठवड्यात लग्नाच्या वरातीला गाड्या भाड्यानं देणारा एकजण आला. म्हणाला, "पत्रा चकाचक करून द्या, दीड लाख देतो. खाली कोण बघतंय?" खरं सांगतो, दोन दिवस मी विचार केला. पुन्हा लांबी, पुन्हा रंग, वीस हजारांत काम. पण त्या गाडीत कुणाचा तरी नवरदेव उभा राहून नाचणार होता. नाही म्हणालो.

मग खोडव्याची कामं उरकल्यावर घरीच कामाला लागलो. कुणाला करायचं असेल तर क्रम लिहून ठेवतो.

आधी बॅटरी आणि डिझेलची टाकी काढून लांब ठेवली. वेल्डिंगच्या ठिणगीजवळ टाकी नको. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी. जाम झालेल्या नटांना दोन दिवस आधीपासून तेल सोडलं. मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून रंग उतरवला. तोंडाला चांगला मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. हिरव्याखाली पांढरा, त्याखाली करडा रंग निघाला. मागच्या कोपऱ्यात तर बोटभर जाडीची लांबी.

त्यानंतर हातोडीनं टकटक करत सगळी बॉडी तपासली. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. खडूनं खुणा करत गेलो. सगळ्यात जास्त खुणा दोन ठिकाणी पडल्या. एक, मागं जिथं आम्ही वर्षानुवर्षं पोटॅशची पोती ठेवायचो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये जवळपास निम्मं वजन क्लोराईडचं असतं. सांडलेलं खत ओल धरतं आणि खारं पाणी लोखंड झपाट्यानं खातं. दोन, फ्लोअरखालची आडवी चॅनेल. ती छिन्नीनं उघडली तर आत २०१९ चा गाळ, अजून दमट. पाणी जायची भोकं गाळानं बुजलेली. म्हणजे पूर ओसरला तो गावातनं. जीपमधनं नाही.

कुजका पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला. इथं माया करायची नाही, अर्धवट गंजलेल्या कडेला टाका धरत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून बघितला, मग १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिमीचा, पत्रा कापला. वेल्डिंगला गावातला पोरगा सीओटू मशीन घेऊन आला. सलग शिलाई मारली की पत्रा तापून पापडासारखा वाकतो, म्हणून एक टाका इकडं, एक तिकडं, मध्ये गार होऊ द्यायचा. फ्लोअरला पाच दिवस लागले. प्रत्येक चॅनेलला सगळ्यात खालच्या ठिकाणी नवीन भोकं पाडली. मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि लांबी फक्त नखाएवढ्या जाडीची, फिनिशिंगपुरती. लांबी वाईट नाही, पण तिचं काम पत्र्याची जागा घेणं नाही.

आण्णा रोज बाजेवर बसून बघायचे. भोकं पाडत होतो त्या दिवशी म्हणाले, "आता बरूबर. वरनं कितीबी रंग लाव, आतलं पाणी बाहीर निघाय पायजे." थोडं थांबून म्हणाले, "आन् त्या सालची गोष्ट सोड आता. २००५ च्या खुणेवर समद्या गावानं भरवसा ठेवला हुता. तू एकट्यानं न्हाय." पाच वर्षांत त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. पुरेसं होतं.

कागदाचंही सांगतो, कारण विचारणार. २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा नियम आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी लागते. नवीन नोंदणीची फी २० हजार, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आमच्या गाडीचं इंजिनच बदललेलं, त्यामुळं तो विषय संपला. जीप आता आमच्याच रानात फिरते, सडकेवर नाही. शेजारच्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातल्या सामानातनं किकवर सुरू होणारी जीप बनवली, आणि जानेवारी २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांना बदल्यात नवी बोलेरो दिली, हे आपल्याला माहीत आहेच. आमच्या जीपला तसं काही मिळणार नाही. आण्णा तिच्यातनं बांधापर्यंत जातात, बास.

आता शेतात या. माझा खालचा एकर गेली काही वर्षं पांढरा पडतोय. उगवण विरळ, पानं पिवळी. मी काय केलं? दरवर्षी खताचा डोस वाढवला. म्हणजे त्या पेंटरचंच काम मी रानात करत होतो. वरनं लांबी, खाली पाणी तसंच. जीपचं चॅनेल उघडल्यावर हे डोक्यात शिरलं.

माती तपासणीला दिली. सामू ८.१, क्षारता ५.६. म्हणजे जमीन क्षारयुक्त आहे, चोपण नाही. जिप्सम चोपण जमिनीला लागतं, इथं त्याचा उपयोग नाही. इथं सच्छिद्र पाइप टाकून भूमिगत निचरा करायचा आणि चांगल्या पाण्यानं क्षार धुऊन काढायचे. अडचण एकच, पाइपचं तोंड ओढ्याला सोडायला शेजारच्या दोघांच्या रानातनं जावं लागतं. त्यांचीही रानं पांढरी होतायत. परवा दोघांना चहाला बोलावलं होतं. एक तयार आहे. दुसरा म्हणतोय, यंदा जरा खत वाढवून बघतो.

त्याला उद्या जीपचं ते कापलेलं चॅनेल दाखवणार आहे, गाळासकट. टाकून दिलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी तिघाचौघांनी मिळून निचऱ्याची लाइन टाकली असेल, तर शेजाऱ्याला कसं तयार केलं ते लिहा. गरज आहे.