लळिंगची वाट आणि कोरडी विहीर

31 जुलै आला की खानदेशातल्या भीमसैनिकांची पावले लळिंगकडे वळतात. परमपूज्य बाबासाहेब 1937 साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या स्मृतीला वंदन करायला आम्हीही मंडळींसह गेलो. कुरण पावसाने हिरवेगार झाले होते.

परतताना एका कार्यकर्त्याच्या गावी थांबलो. गावाला लागून बंद पडलेली दगडखाण आहे. वस्तीच्या विहिरीत डोकावलो, तर भर पावसाळ्यात तळ दिसत होता. एक आजी म्हणाल्या, "भाऊ, विहीर शे, पन पानी नही."

याचे कारण समजून घेतले पाहिजे. आपल्याकडचा खडक काळा पाषाण. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. खाणवाले आधी माती-मुरूमच खरवडतात. पुढे खड्डा विहिरीच्या पाण्याखाली गेला की झरे तिकडे वळतात आणि ते पाणी मोटारीने उपसून फेकले जाते. दगड रस्त्याला, पैसा मालकाला आणि रिकामा हंडा आमच्या माय-बहिणींना! नदीची वाळू उपसली की काठच्या विहिरींचेही असेच होते.

पण उजाड जमीन पुन्हा उभी राहते. साक्री तालुक्यात बारीपाड्याच्या आदिवासी बांधवांनी चैत्राम पवार यांच्यासोबत जंगल राखले, पाणी अडवले. पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. खाणीचे काम मात्र अधिक अवघड, कारण तिथे मातीच उरत नाही. म्हणून वरची माती सुरुवातीलाच वेगळी राखावी लागते. शेवटी उभे कडे उतरते करून ती पसरायची, कडुनिंब-बोर लावायचे, खड्ड्याला कुंपण घालायचे.

सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दीपक कुमार खटल्यात लहान खाणींनाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली. परवानगीत अटी असतात आणि माहिती अधिकारात त्यांची नक्कल मागता येते. आम्ही आजींच्या ओट्यावर बसूनच अर्ज लिहिला. आजींनी अंगठा न देता सावकाश सही केली.

महाडच्या तळ्यासाठी 1927 साली सत्याग्रह झाला; मुंबई उच्च न्यायालयाने तो हक्क 1937 साली मान्य केला. बाबासाहेब लळिंगला आले तेच हे साल. बंधु-भगिनींनो, पाणवठा खुला झाला, पण पाणीच नाहीसे झाले तर तो हक्क कोरडाच राहील. पुढच्या यात्रेला जाताना आपापल्या गावच्या विहिरीत एकदा डोकावून या.

जयभीम!