चिक्कडपल्ली ते कोठी : तीन किलोमीटरांचा हिशेब

कामावर जाण्यायेण्याच्या पर्यावरणीय किमतीची चर्चा होते तेव्हा सायकलीच्या नावापुढे बहुधा शून्य लिहिले जाते, परंतु शास्त्रीय हिशेबाला ते मान्य नाही. एखादी वस्तू खाणीतल्या धातुकापासून घडवली जाऊन अखेर भंगारात जाईपर्यंत तिच्यापायी किती उत्सर्जन झाले, याच्या बेरजेला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. या बेरजेत मिथेनसारख्या इतर वायूंचा तापमानवाढीवरील परिणामही कार्बन डायऑक्साइडच्या वजनात मोडून धरला जातो. युरोपियन सायकलिस्ट्स फेडरेशनने २०११ मध्ये अशी मांडणी केली, तेव्हा सायकलीच्या वाट्याला दर किलोमीटरला २१ ग्रॅम आले. त्यांपैकी ५ ग्रॅम सायकल घडवण्याचे, आणि उरलेले १६ ग्रॅम ती चालवणाऱ्याच्या अन्नाचे होते.

हे १६ ग्रॅम युरोपातल्या ताटाचे आहेत. तेलंगणातल्या ताटात भात आहे, आणि पाणी साठवलेल्या भातखाचरातल्या चिखलात प्राणवायू पोचत नसल्याने तेथील सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. त्यामुळे एक किलो तांदळामागे साधारण अडीच ते चार किलो उत्सर्जन धरावे लागते. सपाट रस्त्यावर किलोमीटरमागे सुमारे २५ किलोकॅलरी लागतात असे मानले, तर दहा किलोमीटरांसाठी सत्तरएक ग्रॅम तांदूळ, म्हणजे किलोमीटरला २० ग्रॅमच्या आसपास उत्सर्जन होते. ज्वारीच्या भाकरीवर तोच प्रवास याच्या निम्म्याहून कमीत होतो, आणि केवळ मटणावर केला तर, बिर्याणीच्या हैदराबादेत हे सांगणे धाडसाचे असले तरी, सायकलस्वार मोटारीलाही मागे टाकतो.

एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि शहरातल्या गर्दीत लिटरला १३-१४ किलोमीटर चालणारी मोटार एकट्या माणसाला नेताना किलोमीटरला १७० ग्रॅम सोडते. तेल उपसण्याचा व शुद्ध करण्याचा आणि टनभर वजनाची गाडी घडवण्याचा भार याहून वेगळा. परंतु हैदराबादच्या नोंदणीकृत वाहनांत बहुसंख्य दुचाकी असल्याने येथील खरी तुलना स्कूटरशी करावी लागते. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर ५० ग्रॅम सोडते, तर विजेवरची स्कूटर, आपल्याकडील वीज मुख्यतः कोळशाची असूनही, बॅटरी घडवण्याचा भार वगळता २०-२२ ग्रॅमवर थांबते. म्हणजे कागदावर ती भात खाणाऱ्या सायकलस्वाराच्या बरोबरीला येते. या कागदात एक गृहीत मात्र लपलेले आहे. सायकल चालवणारा खर्च केलेली प्रत्येक कॅलरी जादा जेवून भरून काढतो, असे त्यात मानले आहे, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनाच्या बाबतीत ते क्वचितच खरे असते.

अंतराचा प्रश्न याहून निर्णायक आहे. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारा उत्प्रेरक परिवर्तक अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि थंड इंजिनाला इंधनही जास्त लागते. म्हणून पहिल्या काही मिनिटांचा धूर सर्वांत वाईट असतो. हैदराबादच्या चिक्कडपल्लीहून कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा किंवा १९०७ मध्ये स्थापन झालेली मराठी मंडळींची विवेकवर्धिनी शिक्षणसंस्था ज्या जांबागेत आहे ती जांबाग, ही सारी तीनएक किलोमीटरांच्या परिसरातली ठिकाणे असल्याने तेथवरचा प्रवास इंजिन पुरते तापण्याआधीच उरकत येतो. नेमक्या याच अंतरावर सायकल सर्वांत स्वस्त पडते.

आयटी कंपन्यांची हायटेक सिटी मात्र चिक्कडपल्लीपासून पंधरा किलोमीटरांहून दूर आहे, आणि तेथे रोज सायकलने जाण्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मेट्रोचा जेबीएस ते एमजीबीएस हा टप्पा सुरू झाल्यापासून चिक्कडपल्लीला स्वतःचे स्थानक आहे, आणि परेड ग्राउंडला गाडी बदलून हायटेक सिटी गाठता येते. सायकलीचे काम घरापासून या स्थानकापर्यंतचे. शहराने सायकलीसाठी मोठा खर्च केला तो मात्र बाह्यवळण रस्त्यालगत, जेथे ऑक्टोबर २०२३ मध्ये सौरछताचा २३ किलोमीटरांचा मार्ग खुला झाला. तो देखणा आहे, पण चिक्कडपल्लीहून तेथे सायकल मोटारीत घालून नेणाऱ्याचा हिशेब न मांडलेलाच बरा.

मोटारीच्या प्रति-किलोमीटर आकड्यात सहसा न धरली जाणारी एक बाब चिक्कडपल्लीच्या अगदी शेजारी उभी आहे. इंदिरा पार्क ते व्हीएसटी हा पोलादी उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यात बारा हजार टनांहून अधिक पोलाद आहे, आणि भारतात एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो हे लक्षात घेता, त्यावरून पहिली गाडी धावण्यापूर्वीच तीसएक हजार टनांचे उत्सर्जन होऊन गेले होते. हे उत्सर्जन पुलाच्या आयुष्यात त्यावरून जाणाऱ्या वाहनांवर वाटून टाकले पाहिजे, आणि त्या वाटपात अशोकनगरहून पुलाखालच्या जुन्या रस्त्याने जाणाऱ्या सायकलीच्या वाट्याला काहीच येत नाही.