उसवलेल्या चार ओळी

मी झोपेत असताना आजीनं माझे टाके उसवले होते. त्याला आता चाळीस वर्षं होतील, तरी आठवलं की घसा दाटून येतो.

आमचं गाव बिलोलीजवळ. आजीचं माहेर बोधनकडचं. तिचं लग्न झालं तेव्हा दोन्हीकडं निजामाचंच राज्य होतं. १९५६ साली बोधन आंध्रात गेलं, बिलोली मुंबई राज्यात आली आणि तिचं माहेर परराज्यात पडलं. वाकळेला ती बोंत म्हणायची आणि टाके तेलुगूत मोजायची : ओकटी, रेंडू, मूडू. पाचवीच्या उन्हाळ्यात मीही तसंच मोजायला लागले.

तिची दोन जुनेरं आणि आजोबांचं एक धोतर धुऊन, वाळवून ओसरीवर अंथरलं होतं. सुरकुती पडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड. आधी लांब लांब कच्चे टाके, मग काठापासून धावदोरा सुरू करून फिरत फिरत आत यायचं. एक बाजू तिची, एक माझी. तिच्या बोटात अंगुस्तान नसायचं. सुई दाबून दाबून बोटाचं कातडंच टणक झालं होतं. माझ्या बोटातून दुसऱ्याच दिवशी रक्त आलं. तिनं त्यावर हळद दाबली आणि सुई परत हातात दिली. तीन दुपारी बसून मी चार ओळी घातल्या. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवल्या. आजी तिथंच होती, काही बोलली नाही.

सकाळी उठून पाहते तर माझी बाजू रिकामी. नुसती बारीक भोकं, ओळीनं. उसवलेला दोरा तिनं टाकलाही नव्हता. काडीला गुंडाळून ठेवला होता, आणि प्रत्येक टाक्याच्या जागी तो वळलेला होता, कुरळ्या केसासारखा. मी रडायला लागले तर म्हणाली, "कामून रडायलीस? टाका लांब पडला की पायाचं बोट अडकतंय त्यात. झोपंत पाय ओढला की फाटली वाकळ." आणि तोच कुरळा दोरा सुईत ओवून माझ्यापुढं धरला.

तिचं म्हणणं खरं होतं. पण ते मला दिवसा सांगता आलं असतं. माझ्याकडूनच उसवून घेता आलं असतं. काकूंसमोर गप्प बसून रात्री कंदिलाजवळ एकेक टाका काढत बसायचं, हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्याचं काम त्याच्या माघारी मोडू नये.

आता नायलॉनच्या साड्या आत घालून मशीनवर गोधड्या शिवतात. तसं करू नये. नायलॉन घाम पीत नाही, थर एकमेकांवरून सरकतात. मशीनचा टाका इतका घट्ट बसतो की पांघरूण अंगाला धरत नाही. कोरं कापडही नको. पहिल्या धुण्यात ते आटतं आणि सगळीकडं चुण्या पडतात. वापरून वापरून मऊ झालेलं सुती लुगडंच हवं. नसेल तर चार वर्षं थांबावं, घरातलं एखादं जुनं होऊ द्यावं.

आजीची ती वाकळ माझ्याकडं आहे. मधोमध, शेवटचा फेरा मिटायच्या आधी, तिनं चिमूटभर जोंधळे आत सारले होते. वाकळेचं पोट रिकामं ठेवू नये म्हणायची. बोट फिरवलं की अजून ते दाणे लागतात. त्या चार ओळी मात्र मला ओळखू येत नाहीत. दोघींचे टाके सारखेच दिसतात.

गेल्या उन्हाळ्यात सून शिकायला बसली. पहिल्याच ओळीत टाका लांब पडला. मी दिवसाच, तोंडावर सांगितलं, उसव. ती म्हणाली, "राहू द्या ना आई, छान दिसतोय." मी राहू दिलं. त्या रात्री दोनदा उठून मी त्या वाकळेपाशी गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा हातात कात्री होती.